विषाणुबाधित संगणक : आधी फाइलींचा उद्धार, मग यंत्राची शुद्धी

संगणकास विषाणूची बाधा झाली म्हणजे वापरणाऱ्याच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी उत्पन्न होतात. यंत्र लवकरात लवकर स्वच्छ व्हावे ही एक, आणि त्यातील लेखन, ध्वनिमुद्रणे व तक्ते सुखरूप परत मिळावेत ही दुसरी. व्यवहारात ह्या दोहोंना मिळून 'व्हायरस काढणे' असे एकच नाव आहे. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्थानकालगतच्या दुरुस्तीच्या दुकानात संगणक नेला असता गिऱ्हाईक हेच शब्द उच्चारते, आणि पुष्कळदा 'फॉरमॅट मारून देतो' हे त्यावरचे उत्तर असते. वस्तुतः ही दोन भिन्न कार्ये आहेत; इतकेच नव्हे, तर त्यांचा स्वभाव परस्परविरोधी आहे. शुद्धी म्हणजे डिस्कवरील काही मजकूर पुसून त्या जागी नवा लिहिणे. उद्धार म्हणजे डिस्कवर नवे काहीही लिहू न देता जुने वाचून घेणे. पहिले कार्य आधी उरकले, तर दुसरे बहुधा अशक्य होऊन बसते.

यंत्र बदलता येते, कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. परंतु जो भाषक आता हयात नाही त्याच्या बोलीचे ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही. डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील वारलीला स्वतंत्र खंड मिळाला, आणि तो छापील असल्यामुळे अनेक ग्रंथालयांत टिकून राहिला. आजच्या संशोधकाची सामग्री मात्र बहुतांशी एकाच लॅपटॉपवर व एखाद्या पेन ड्राइव्हवर असते. ह्यासाठी बाधेनंतर कोणती कृती आधी व कोणती मागाहून करावयाची, ह्याचा विचार भाषेच्या अभ्यासकासही अप्रस्तुत ठरू नये.

१

'विषाणू' ही संज्ञा संगणकाच्या संदर्भात रूढ झाली ती १९८४ साली फ्रेड कोहेन ह्यांनी आपल्या निबंधात तिचा उपयोग केल्यानंतर. त्यांच्या व्याख्येप्रमाणे जो कार्यक्रम इतर कार्यक्रमांत बदल करून त्यांत स्वतःची प्रत घुसवतो तो विषाणू होय. बोलण्यात ह्या शब्दाचा अर्थविस्तार झाला असून, खंडणी मागणारे रॅन्समवेअर, माहिती चोरणारे ट्रोजन, जाळ्यातून आपोआप पसरणारे वर्म हे सारेच आज 'व्हायरस' म्हणून ओळखले जातात. प्रसाराच्या पद्धतीवरून केलेली ही वर्गवारी प्रतिबंधाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. फाइली परत मिळवावयाच्या तर दुसरी वर्गवारी करावी लागते. तिचा निकष एवढाच, की विषाणूने फाइलीचे नेमके काय केले. ह्या दृष्टीने फाइलीच्या चार अवस्था संभवतात : ती लपवलेली असते, पुसलेली असते, कूटबद्ध केलेली असते किंवा नष्ट झालेली असते. चारही अवस्थांत पडद्यावर दिसणारे दृश्य जवळपास सारखेच, म्हणजे 'फाइल गेली' असे, असते. उपाय मात्र प्रत्येकीचा निराळा आहे.

२

पहिली अवस्था सर्वांत निरुपद्रवी आणि तरीही सर्वांत अधिक घबराट उत्पन्न करणारी आहे. प्रबंधाचे प्रकरण छापून घेण्यासाठी विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावतो. दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह लागलेल्या त्या संगणकावरून एक छोटा कार्यक्रम त्यावर उतरतो. घरी आल्यावर फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, आणि कित्येकदा तेही दिसत नाहीत. येथे मूळ फोल्डर जागच्या जागी असतात. विषाणूने त्यांवर 'लपलेला' आणि 'प्रणालीचा' अशा दोन खुणा केलेल्या असतात आणि त्यांच्या नावाचा शॉर्टकट पुढे मांडलेला असतो. त्या शॉर्टकटवर टिचकी मारली, की आधी विषाणू चालतो व मग फोल्डर उघडतो, म्हणून संशय येत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील पेन ड्राइव्हवरून कार्यक्रम आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली. तेव्हापासून विषाणूला वापरकर्त्याच्याच हातून टिचकी मारून घेणे भाग पडले.

येथे पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणे म्हणजे सुस्थितीत असलेल्या फाइली स्वहस्ते घालवणे होय. विंडोजमध्ये केवळ 'लपलेल्या फाइली दाखवा' असे सांगून हे फोल्डर दिसत नाहीत. दुसरी खूणही असल्याने 'प्रणालीच्या संरक्षित फाइली लपवा' हा पर्याय काढून टाकावा लागतो. ॲट्रिब ह्या आदेशाने दोन्ही खुणा एकदम उतरवता येतात. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे तो पेन ड्राइव्ह लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास लावून मूळ फोल्डर उतरवून घेणे, कारण विंडोजच्या ह्या खुणा लिनक्स सहसा जुमानत नाही व विंडोजसाठी रचलेला विषाणूही तेथे चालत नाही. शॉर्टकट व त्यांसोबतचा कार्यक्रम पुसावयाचा तो ह्यानंतर.

३

दुसरी अवस्था पुसलेल्या फाइलीची. ती समजण्यास ग्रंथालयाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत सूचिपत्रातून एखादे कार्ड कोणी काढून घेतले, तर ते पुस्तक वाचकास सापडणार नाही. परंतु ते फडताळातून नाहीसे होत नाही. त्याची जागा रिकामी समजून तेथे दुसरे पुस्तक ठेवले जाईपर्यंत ते तेथेच असते. डिस्कवरही हेच घडते. पेन ड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या फॅट ह्या जुन्या रचनेत फाइल पुसताना तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण ठेवली जाते व तिची जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. मजकूर तसाच राहतो.

सूची हरवली तरी पुस्तके त्यांच्या मुखपृष्ठांवरून ओळखता यावीत, तशा बहुतेक फाइली त्यांच्या आरंभीच्या खुणेवरून ओळखता येतात. पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही रोमन अक्षरे असतात. वर्डच्या आजच्या फाइली आतून झिप पद्धतीच्या असल्यामुळे त्यांच्या आरंभी पी आणि के ही रोमन अक्षरे येतात. फोटोरेक हा विनामूल्य कार्यक्रम संपूर्ण डिस्क वाचून अशा खुणांवरून फाइली वेचून काढतो. त्यांची मूळ नावे मात्र मिळत नाहीत.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. युनिकोडमधील देवनागरी अक्षर यूटीएफ-८ ह्या पद्धतीने साठवले असता त्याचे तीन बाइट होतात. त्यांतील पहिला नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. म्हणजे मजकूर कोणताही असो, देवनागरी लेखनात ही जोडी दर तीन बाइटांमागे पुनरावृत्त होते. डिस्कवरील निनावी तुकड्यांतून मराठी मजकूर शोधावयाचा तर ही लय शोधणे पुरेसे आहे. साध्या मजकुराच्या फाइली किंवा ईलॅन ह्या कार्यक्रमातील टिपणे संकोचित नसल्यामुळे त्यांचा अर्धा तुकडा सापडला तरी तो वाचता येतो. वर्डची फाइल संकोचित असल्यामुळे तिच्या तुकड्यात ही लय दिसत नाही. ती पूर्ण सापडली तर उपयोगाची. संशोधनसामग्रीची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात ठेवावी, ह्या जुन्या सल्ल्यामागे असेही कारण आहे.

ह्या सर्वांस दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की फडताळात नवे पुस्तक ठेवले गेले की जुने गेले. बाधित संगणकावरच उद्धाराचा कार्यक्रम उतरवून घेतला, तर तो ज्या फाइलीसाठी आणला तिच्याच जागेवर लिहिला जाण्याचा संभव असतो. विंडोज नव्याने बसवणे हे तर ह्याचेच मोठे रूप होय. दुसरी मर्यादा आजच्या लॅपटॉपांतील एसएसडीची आहे. विंडोज ७ पासून कार्यप्रणाली अशा डिस्कला 'ही जागा आता नको आहे' असे ट्रिम ह्या आदेशाने कळवते आणि डिस्क ती जागा स्वतःहून रिकामी करते. तेथे पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी असते. वेळ दवडल्यास ती उरत नाही.

विषाणुविरोधी कार्यक्रमही कधी कधी ह्या दुसऱ्या अवस्थेस कारणीभूत होतो. वर्डच्या फाइलीत मॅक्रो-विषाणू आढळल्यास 'डिलीट' ह्या पर्यायाने विषाणूसह लेखनही जाते. त्याऐवजी 'क्वारंटाइन' निवडावे. त्यामुळे विषाणू निष्क्रिय होतो व फाइल हाती राहते. मॅक्रो बंद ठेवून तीतील मजकूर नंतर उतरवून घेता येतो.

४

तिसरी अवस्था कूटबद्ध फाइलीची, आणि तिचे उदाहरण ठाणे-डोंबिवलीच्या औद्योगिक जीवनाशी निगडित आहे. ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत ज्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आहेत, त्याच्या संगणकव्यवस्थेवर रविवार, २१ मार्च २०२१ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास हल्ला झाल्याचे इशारे मिळाले. मुंबईतील मुख्यालयाचे सर्व्हर आणि क्लाउडवरील कार्यप्रणाली ह्यांतील फाइली सिनॅक नामक रॅन्समवेअरने कूटबद्ध केल्या, आणि महामंडळाच्या १६ प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय काम ठप्प झाले. वर्तमानपत्रांतून ५०० कोटी रुपयांच्या खंडणीचा आकडा प्रसिद्ध झाला. महामंडळाच्या निवेदनात मात्र हल्लेखोरांच्या चिठ्ठीत रक्कम नमूद नसल्याचे म्हटले होते. बाधा लक्षात येताच सर्व यंत्रणा जाळ्यापासून तोडण्यात आली. बॅकअपच्या फाइली जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्यामुळे त्यांना बाधा पोहोचली नाही.

कूटबद्ध करण्याची रीत साधारणतः अशी असते. फाइलीचा मजकूर एका गुप्त संख्येने, म्हणजे किल्लीने, बदलून टाकला जातो. ती किल्ली पुन्हा दुसऱ्या एका कुलपात बंद केली जाते, आणि त्या कुलपाची किल्ली केवळ हल्लेखोराकडे असते. गणिताच्या बळावर हे कुलूप फोडणे व्यवहारतः अशक्य आहे. विषाणू काढून टाकल्याने ते उघडत नाही. चोर पकडल्याने तिजोरीची किल्ली सापडत नाही, तसेच हे आहे. यंत्र निर्मळ झाले तरी फाइली कूटबद्धच राहतात.

परंतु अशक्य हा शब्द येथे काळाची मर्यादा घालून वापरावयास हवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिनॅक चालविणाऱ्या टोळीने नवे नाव धारण केले आणि जुन्या हल्ल्यांच्या गुरुकिल्ल्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या आधारे एम्सिसॉफ्ट ह्या कंपनीने फाइली मोकळ्या करण्याचे विनामूल्य साधन उपलब्ध करून दिले. मार्चमध्ये ज्यांनी 'आता ह्यांचा काय उपयोग' म्हणून कूटबद्ध फाइली पुसल्या असतील, त्यांना ऑगस्टमधील ह्या किल्ल्यांचा उपयोग झाला नसता. ज्यांनी त्या एका डिस्कवर बाजूस ठेवल्या, त्यांना तो होऊ शकत होता. २०१६ च्या जुलैपासून युरोपीय पोलीसयंत्रणा व काही कंपन्या मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम चालवीत आल्या असून, अशा किल्ल्या तेथे एकत्र केल्या जातात. यास्तव कूटबद्ध फाइली व त्यांसोबतची चिठ्ठी ह्या पुसू नयेत, असाच नियम मानला पाहिजे.

काही रॅन्समवेअर घाईपायी संपूर्ण फाइल कूटबद्ध करीत नाहीत. चोरट्या सॉफ्टवेअरमधून घरगुती संगणकांत शिरणारे स्टॉप-डीजेव्हीयू हे त्यांपैकी एक असून, ते फाइलीचा आरंभीचा सुमारे १५० किलोबाइट भागच बदलते. वर्डच्या लहान फाइलीस एवढे पुरेसे असते. परंतु सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या, १६ बिटांच्या एकमार्गी वेव्ह ध्वनिमुद्रणात एका सेकंदास ८८,२०० बाइट लागतात. त्या हिशेबाने गमावला जातो तो आरंभीचा पावणेदोन सेकंदांचा भाग. उरलेला ध्वनी कच्च्या स्वरूपात ध्वनिसंपादकात घेऊन ऐकता येतो. तासाभराच्या मुलाखतीची फाइल 'उघडत नाही' म्हणून टाकून देण्यापूर्वी हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे.

मराठी लेखनाच्या बाबतीत एक आभासही ओळखता आला पाहिजे. विंडोज नव्याने बसवल्यानंतर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेल्या फाइली रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या गिचमिडीच्या रूपात उघडतात, आणि विषाणूने त्या बिघडवल्या असा समज होतो. प्रत्यक्षात यंत्राबरोबर फॉन्ट पुसला गेलेला असतो. मजकूर शाबूत असतो. ह्या दोहोंतील भेद वर्णांच्या वारंवारतेवरून सांगता येतो. कोणत्याही भाषेत काही वर्ण पुनःपुन्हा येतात व काही क्वचित येतात. लेखनाचा संकेत बदलला तरी हे वैषम्य कायम राहते. चांगल्या कूटलेखनात ते मोडलेले असते, हे क्लॉड शॅनन ह्यांच्या १९४९ च्या निबंधापासून सुपरिचित आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत काही चिन्हे वरचेवर दिसत असतील तर दोष फॉन्टचा. सर्व चिन्हे जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरली असतील तर कूटलेखनाचा संशय घ्यावा. संकोचित फाइलींना ही कसोटी लागू पडत नाही, कारण त्यांतही वारंवारता सपाट झालेली असते.

५

चौथी अवस्था नाशाची होय. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या ह्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याचा फटका ठाण्याच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरालाही बसला, कारण तेथील एक टर्मिनल मर्स्क समूहाकडे होते. ह्या विषाणूने खंडणीची चिठ्ठी दाखवली खरी, पण तीवर छापलेला ओळख-क्रमांक केवळ यादृच्छिक होता. त्यावरून कोणालाही किल्ली काढता आली नसती. पैसे देऊनही फाइली मिळण्याची सोयच नव्हती. मर्स्कने दहा दिवसांत ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभारले. तथापि सबंध जाळ्याची ओळखसूची ज्यावर असते तो सर्व्हर जगभर सर्वत्र पुसला गेला होता. त्याची एकच प्रत उरली ती घानामध्ये, आणि तीही तेथील वीज गेल्यामुळे यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते म्हणून. नाशावर उपाय एकच : जाळ्याबाहेर राहिलेली प्रत.

६

ह्या चार अवस्थांच्या विचारातून कृतीचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. बाधा लक्षात येताच प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा, वायफाय बंद करावे व जोडलेल्या बाहेरील डिस्क काढाव्यात. फाइली डोळ्यांदेखत बदलत असतील तर वीज तोडणे इष्ट. एरवी यंत्र बंद करण्याची घाई करू नये. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरले, तेव्हा काही जुन्या विंडोजमध्ये किल्लीचे घटक स्मृतीत शिल्लक राहत असल्याचे दिसून आले आणि त्यांवरून फाइली सोडवता आल्या. परंतु संगणक बंद करून पुन्हा सुरू केला असता हे शक्य नव्हते.

त्यानंतर चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे आणि फाइलींच्या नावांपुढे आलेले नवे शेपूट नोंदवावे. संस्थेचा संगणक असल्यास २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सहा तासांच्या आत सर्ट-इन ह्या केंद्रीय यंत्रणेस कळवावयाचे असते. मग डिस्क काढून तिची तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि उद्धाराचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर करावेत. एखादा प्रयोग फसला तरी मूळ डिस्क अबाधित राहते. फाइलींबरोबर फॉन्ट व शब्दकोशांच्या याद्याही उतरवून घ्याव्यात.

एवढे झाले म्हणजे शुद्धीची वेळ येते, आणि मग तिच्यात कसर ठेवण्याचे कारण नाही. बाधित प्रणाली चालू असताना केलेली तपासणी अपुरी असते, कारण विषाणू त्याच प्रणालीचा आश्रय घेऊन लपू शकतो. बाहेरून सुरू होणाऱ्या तपासणीचा उपयोग करावा. गंभीर बाधेत डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवणेच श्रेयस्कर. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून विनामूल्य साधने उपलब्ध करून दिली आहेत. नवी प्रणाली अद्ययावत हवी. वॉनाक्राय ज्या छिद्रातून शिरले ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच, दिली होती. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तीच पुन्हा बसवणे म्हणजे दार उघडे ठेवून घर झाडणे होय. संकेतशब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि सोडवलेल्या फाइली तपासल्यावाचून नव्या प्रणालीवर आणू नयेत.

७

महामंडळ आणि बंदर ह्यांच्या उदाहरणांत प्रत कोठे होती ह्यावर सारे अवलंबून राहिले. सतत संगणकास जोडून ठेवलेली बाहेरील डिस्क हा बॅकअप नव्हे. विषाणू तीवरही तितक्याच सहजतेने पोहोचतो. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्यत्र, हा रूढ संकेत आहे. त्यातील 'अन्यत्र' ह्या शब्दाचा अर्थ कल्याणकरांस विशद करून सांगावयास नको. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरचे कपाट आणि त्यातील डिस्क एकाच पाण्याखाली गेली असती. प्रबंधाची एक प्रत डोंबिवलीच्या घरी आणि दुसरी ठाण्याच्या विद्यापीठ-उपपरिसरातील कपाटात, दोन्ही संगणकापासून सुटलेल्या, एवढी व्यवस्था कोणत्याही विद्यार्थ्यास थोडक्या खर्चात करता येईल.

शुद्धी निर्वेधपणे करता यावी, तर जे पुसावयाचे त्यात मोलाचे काही उरलेले नाही अशी खात्री आधी व्हावी लागते. ज्याच्यापाशी जाळ्याबाहेर दुसरी प्रत आहे त्याला ती खात्री आधीपासूनच असते, आणि तो यंत्र त्याच दिवशी फॉरमॅट करू शकतो. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने फॉरमॅट हा शब्द उच्चारण्यापूर्वी फाइल चार अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, ते विचारावे.